दुधाच्या पिशवीवरची पाल

केरळ फिरून आलेला मराठी माणूस हाउसबोट, हत्ती आणि खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स यांच्यावर तासभर बोलू शकतो, पण तिथल्या पाट्यांचा विषय निघाला की ‘छे हो, सगळी जिलेबी!’ एवढं म्हणून मोकळा होतो. मल्याळम लिपीची आपल्याकडे झालेली ही सर्वांत छोटी आणि सर्वमान्य समीक्षा. खरं तर कन्नड, तेलुगू आणि मल्याळम या तिन्ही लिप्यांना आपण हाच एक पदार्थ वाढतो. पंगतीत कोण बसलंय हे बघायची तसदी घेत नाही. माझं म्हणणं असं की हे मत लिपीबद्दल काहीच सांगत नाही, सांगतं ते मत देणाऱ्याबद्दल. मल्याळम लिपी अवघड नाही. अवघड आहे ते चाळीस वर्षं साक्षर म्हणून मिरवलेल्या माणसाने पुन्हा निरक्षर होणं. आणि तेही कुठे, तर केरळात! १८ एप्रिल १९९१ रोजी ज्या राज्याने स्वतःला संपूर्ण साक्षर जाहीर केलं आणि २०११च्या जनगणनेत ज्याची साक्षरता ९४ टक्के भरली, त्या राज्यात एर्नाकुलमच्या फलाटावर उतरलेला आपला द्विपदवीधर थेट उरलेल्या सहा टक्क्यांत जाऊन उभा राहतो. अपमान हा असा असतो. तो गिळता येत नाही, म्हणून माणूस जिलेबीचं नाव काढतो.

तर आधी या जिलेबीचा निकाल लावू. देवनागरी वाचणाऱ्या डोळ्याला शिरोरेषेची सवय जडलेली असते. शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे ती रेघ सांगते. अक्षरं तिला लोंबकळत असतात. मल्याळममध्ये ही रेघच नाही. प्रत्येक अक्षर सुटं, स्वतःच्या बुडावर बसलेलं. खुंटी काढून घेतल्यावर टोपी हातात धरून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा आपला डोळा तिथे भांबावतो आणि अक्षरांऐवजी त्याला नुसती वेटोळी दिसतात. पण हाच न्याय उलटा लावून बघा. देवनागरी न येणारा एखादा मल्याळी गृहस्थ दादरला उतरला, तर आपल्या पाट्या त्याला कशा दिसत असतील? दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या. इथे एक पायजमा, तिथे एक बनियन, मध्येच खाली लोंबणारा उकाराचा मोजा, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर लावलेला रफाराचा चिमटा. त्याने ‘सगळं धुणं हो’ असं म्हणून देवनागरी निकालात काढली तर आपण काय म्हणणार? आणि परकं माणूस कशाला हवं? आपल्याच पणजोबांच्या हातचं मोडीतलं खरेदीखत काढा आणि त्यातला सर्व्हे नंबर वाचून दाखवा. लेखणी न उचलता भराभरा लिहायची ती लिपी घरोघरी होती, कचेऱ्यांत होती, पुण्याच्या पेशवे दप्तरात तिचे रुमालच्या रुमाल आजही बांधून ठेवलेले आहेत. विसाव्या शतकात आपण ती शब्दशः मोडीत काढली, आणि आता आपली जमीन कोणती हे कळायला पैसे देऊन जाणकार बोलवावा लागतो. स्वतःच्या घरातली अक्षरं ज्याला वेटोळी वाटतात, त्याने शेजाऱ्याच्या अक्षरांना जिलेबी म्हणताना निदान आवाज तरी खाली ठेवावा.

मग ही अक्षरं गोल का? याचं नेहमीचं उत्तर ताडपत्र. ताडाच्या पानाच्या शिरा लांबीच्या दिशेने धावतात. लोखंडी लेखणीने, जिला तिकडे नारायम म्हणतात, त्या शिरांबरोबर सरळ आडवी रेघ ओढली की पान चिरतं. त्या पानावर देवनागरी लिहायला बसलेल्या माणसाने पहिल्याच शब्दाची शिरोरेषा ओढली की त्याच्या हातात पानाचे दोन तुकडे येणार. म्हणून रेघ टाळून वळणं घ्यायची, आणि मग कोरलेल्या खाचांत काजळी चोळायची की अक्षरं उमटतात. उत्तर सुटसुटीत आहे, पण चिकित्सक माणूस इथे हात वर करील आणि त्याचं बरोबरच असेल: तमिळही ताडपत्रावरच लिहिली जात होती, मग तिच्यात कोपरे आणि आडव्या रेघा कशा? तेव्हा सगळं श्रेय झाडाला देता येत नाही. मल्याळमची आजची अक्षरं ग्रंथ लिपीतून आली, हाताहातांनी घडली, आणि शेवटचा हात फिरवला तो छापखान्याने. या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे. बायबलातल्या चार शुभवर्तमानांचं मल्याळम भाषांतर १८११ साली छापलं गेलं ते केरळात नव्हे, मुंबईच्या कुरियर छापखान्यात. तेव्हाचे खिळे चौकोनी वळणाचे होते. पुढे बेंजामिन बेली या मिशनऱ्याने कोट्टयमच्या छापखान्यात स्वतः खटपट करून नवे खिळे पाडले आणि अक्षरांना आजचा गरगरीत घाट दिला. थोडक्यात, मुंबईने छापली तेव्हा मल्याळम चौकोनी होती. जिलेबी व्हायला तिला कोट्टयमला जावं लागलं.

आता शिकायला बसू. इथे मराठी माणसाला पहिला धक्का बसतो तो सुखद असतो, कारण वर्णमाला त्याची पाठ असते. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ: तोच क्रम, तेच पाच-पाचांचे वर्ग, शेवटी तोच ळ. इंग्रजी शिकताना आपल्याला अक्षरांचा क्रमही नव्याने घोकावा लागला होता. इथे घर ओळखीचं आहे, फक्त रंग वेगळा लावलाय. मल्याळम ‘ठ’ म्हणजे एक नुसतं वर्तुळ. अशोकाच्या ब्राह्मीतही ‘ठ’ वर्तुळच होता. आपण त्याला वर देठ लावून रेघेला टांगला, त्यांनी तो जसाच्या तसा ठेवला. ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे बेरजेचं चिन्ह. आपल्याकडे त्या बेरजेच्या आडव्या दांडीला दोन कान फुटले, त्यांच्याकडेही फुटले, फक्त जरा जास्त गुबगुबीत. ही दोन भावंडं जत्रेत हरवलेली आहेत एवढंच. इतकी की १६७८ पासून ॲम्स्टरडॅममध्ये निघालेल्या ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांत ती पुन्हा एका पानावर भेटली. तिथे झाडांच्या चित्रांवर मल्याळम नावांच्या शेजारी कोकणी नावं देवनागरीत कोरलेली आहेत, कारण त्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी नारळाच्या एकाच चित्रावर शेजारी बसलेल्या लिपीला आज आपण ओळख दाखवत नाही, याला काय म्हणावं?

केरळातली मुलं मात्र ही वर्णमाला क्रमाने गिरवत बसत नाहीत, आणि यात तिथल्या मास्तरांचा धूर्तपणा दिसतो. जुन्या पहिलीच्या पुस्तकातले प्रसिद्ध पहिले शब्द ‘तऱ’ आणि ‘पऱ’. तऱ म्हणजे ओटा आणि पऱ म्हणजे धान्य मोजायचं माप, आपल्या पायलीसारखं. या शब्दांत थोर अर्थ काही नाही, पण त्यातला ऱ म्हणजे एक साधी कमान. घोड्याचा नाल उलटा ठेवला की झाला. सोपं ते आधी, हा नियम. ‘आ’ शिकवताना चित्र असतं आन म्हणजे हत्तीचं, आणि ‘अ’चा ‘आ’ करताना शेवटी जो फेरा घ्यायचा तो हुबेहूब सोंडेसारखा वळतो. आपल्या ‘आ’च्या काठीत आई शोधून बघा, सापडणार नाही. सोळाव्या शतकातल्या ज्या कवीला मल्याळी लोक भाषेचा जनक मानतात त्याचं नावच एळुत्तच्छन, म्हणजे सरळ अर्थाने अक्षरांचा बाप. तिरूरला त्याच्या नावाच्या तुंचन परंब या जागी विजयादशमीला मुलांची रांग लागते आणि त्यांचं बोट धरून तांदळात अक्षर काढून घेतात. आपल्याकडे त्याच दिवशी पाटीपूजन होतं. म्हणजे मुहूर्तसुद्धा जुळतो. नडतं ते एवढंच की प्रौढ मराठी विद्यार्थ्याचं बोट धरायला कुणी नसतं, आणि धरू गेलं तर तो आधी आपलं पद सांगतो.

अडचणी नाहीतच असं मी म्हणत नाही. ‘ए’ची खूण अक्षराच्या डावीकडे बसते, ‘ऐ’साठी तीच दोनदा बसते, आणि ‘ओ’ची तर दोन्ही बाजूंना, नवरदेवाच्या दोहों अंगांना करवल्या उभ्या कराव्यात तशी. स्वर आधी दिसतो, तो तोंडात धरून ठेवायचा, व्यंजन वाचायचं, मग तो सोडायचा. ‘हा काय उलटा कारभार?’ असं जो विचारतो, तो ‘किती’ हा शब्द लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढतो आणि नंतर उच्चारतो, हे त्याच्या कधीच लक्षात आलेलं नसतं. दुसरी तक्रार: त्यांच्याकडे र दोन, एक मऊ आणि एक कडक. असतील. आपल्याकडे र एकच आहे, पण तो बहुरूपी आहे: ‘अर्क’मध्ये डोक्यावर चढतो, ‘क्रम’मध्ये पोटाला चिकटतो, ‘ट्रक’मध्ये खाली तंबू ठोकतो आणि ‘तऱ्हा’मध्ये पापणीसारखा आडवा होतो. शिवाय ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक केला नाही तर गलबत डोंगरात शिरतं. तिसरी तक्रार जरा वजनाची आहे. मल्याळममध्ये कडक ऱ ला ऱ जोडला की उच्चार होतो त आणि ट यांच्या मधला ‘ट्ट’. न् ला ऱ जोडला की ‘न्ट’. म्हणजे ‘माझं’ या अर्थाचा शब्द लिहायचा ‘एन्‌ऱे’ आणि वाचायचा ‘एन्टे’. ही सरळसरळ फसवणूक आहे, असं मराठी विद्यार्थी म्हणतो. मग त्याने कृपा करून ‘ज्ञान’ हा शब्द मोठ्याने वाचावा. ज आणि ञ यांच्या संसारात द आणि न कुठून आले, हे त्याने सांगावं आणि मग एन्टेकडे वळावं. मल्याळममध्ये एकाच ‘न’चे दोन उच्चार आहेत म्हणून नाक मुरडणाऱ्याने ‘चांगला चहा’ एवढेच दोन शब्द म्हणून बघावेत. त्यातले दोन च एकाच दुकानातले नाहीत.

आणि एका बाबतीत तर आपण मान खाली घालावी. व्यंजनातला अ काढून टाकायचा असेल तेव्हा आपण अक्षराचा पाय मोडतो. पोरांनाही तेच सांगतो, ‘त चा पाय मोड’. त्याच कामासाठी मल्याळममध्ये अक्षराच्या माथ्यावर एक छोटी कोर ठेवतात आणि तिला नाव आहे चंद्रक्कला. एकाच व्याकरणाच्या नियमासाठी एका भाषेने अस्थिभंग निवडला आणि दुसरीने चंद्रकोर. सुसंस्कृतपणाच्या गप्पा मारताना हे ध्यानात असलेलं बरं.

खरी गोची निराळीच आहे: लिपी एक नाही, दीड आहे. जुन्या मल्याळममध्ये उकार अक्षरात विरघळून जायचे आणि जोडाक्षरं एकमेकांच्या अंगाखांद्यावर बसायची. छापायला हजाराच्या घरात आकृत्या लागत. टाइपरायटरला तेवढी बोटं नसतात. म्हणून १९६७ साली शूरनाड कुंजन पिळ्ळै यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आकृत्या अडीचशेच्या आसपास आणल्या गेल्या, आणि १५ एप्रिल १९७१ पासून नवी लिपी लागू झाली. उकार सुटे झाले, र बाजूला उभा राहिला. पुढे टाइपरायटर वारला, संगणक आला, आणि १९९९च्या सुमाराला ‘रचना’ चळवळीने जुनी अक्षरं संगणकावर परत आणली. आता क्रमिक पुस्तक एक बोलतं, फॉन्ट दुसरं, आणि हाताने लिहिणारा माणूस एका ओळीत दोन्ही. ज्या यंत्रासाठी अक्षरांची वाटणी झाली ते यंत्र भंगारात गेलं, वाटणी तेवढी राहिली; आपल्याकडे भावकीत होतं तसंच. नवशिक्याने यावर कपाळाला हात लावू नये. ‘कु’चा उकार पायाला आणि ‘रु’चा कमरेला, हे आपण सहाव्या वर्षी निमूट मान्य केलंच होतं ना?

इतकं झाल्यावर व्यवहारी माणूस चष्मा पुसत विचारतो, ‘पण गरज काय? सगळीकडे इंग्रजी पाट्या असतात. नाहीतर मोबाइल आहे.’ आधी इंग्रजीचं बघू. हा दलाल दोन्हीकडून कमिशन खातो. केरळात ट साठी टी ठेवतात, म्हणून त लिहिताना टीला एच जोडतात. तो एच आपण इमानाने वाचतो आणि लताची लथा, सविताची सविथा करून बसतो. केरळातल्या किती मुलींना आपण असा नसलेला ह जोडला असेल! कोऴिक्कोड या नावातला ऴ जीभ मागे वळवून सैल सोडायचा. आपल्या ळ चा तो सख्खा शेजारी. इंग्रजीत तो झेड-एच होतो आणि आपल्या वर्तमानपत्रांत ‘कोझिकोड’ होऊन उतरतो. ज्याच्या घरात ळ आहे त्याने झ वापरावा, म्हणजे अंगणात विहीर असून बाटलीबंद पाणी मागवण्यासारखं आहे. तिरुवनंतपुरम लिहायला रोमन लिपीला अठरा अक्षरं लागतात. मल्याळममध्ये ति-रु-व-न-न्त-पु-रं अशा सातांत काम होतं, आणि एकही ह वाया जात नाही. आता मोबाइल. तो अर्थ सांगतो हे खरं, पण राज्य परिवहनच्या बसची पाटी मल्याळममध्ये असते आणि कॅमेरा रोखेपर्यंत बस थांबत नाही. नवशिक्या वाचकाचीही बस चुकते, हे मी मान्य करतो. त्याचा ‘रं’ लागेपर्यंत बस पुढच्या वळणावर गेलेली असते. पण कोणती बस चुकली हे त्याला नेमकं सांगता येतं, आणि शिक्षणाचा पहिला टप्पा याहून वेगळा नसतो.

शिवाय ‘वेळ कुठे आहे’ ही सबबही टिकत नाही. पेरुंबावूरच्या प्लायवूड कारखान्यांत दिवसभर राबणाऱ्या बंगाली, उडिया, आसामी मजुरांसाठी केरळच्या साक्षरता मिशनने ‘चंगाती’ म्हणजे ‘दोस्त’ नावाचा वर्ग काढला, त्यांच्यासाठी ‘हमारी मलयालम’ नावाचं पुस्तक केलं, आणि ही माणसं काम संपवून तिथे अक्षरं गिरवायला बसली. विटा-खानापूर-आटपाडीकडचे आपले गलाई कारागीर सोनं गाळायला केरळात जाऊन राहिले. त्यांच्या दुकानांवर, पावत्यांवर हीच जिलेबी असते आणि त्यांची पोरं तिथल्या शाळेत ती बिनतक्रार पचवतात. ज्यांना गरज आहे ते शिकतात. ज्यांना वेळ आहे ते उपमा शोधतात.

शेवटचा आक्षेप मात्र खोल आहे: अर्थ कळत नसताना नुसतं वाचून काय मिळणार? त्याचं पहिलं उत्तर असं की निम्म्या पाट्यांना परका अर्थ नसतोच. पाच मिनिटं घाम गाळून एकेक अक्षर सोडवावं, आणि हाती यावं ‘मोबाइल रीचार्ज’. पुढची पाटी ‘बेकरी’. तिच्यापुढची ‘मेडिकल स्टोर’. गुप्तलिपी फोडली आणि आत शत्रूची वाण्याची यादी निघाली, तसं होतं. मग वकील, जिल्हा, तालुका हे आपलेच कचेरीतले लोक थोड्या वेगळ्या टोपीत भेटतात. पुस्तकं, समुद्रं, विमानं असे अनुस्वार लावलेले संस्कृत पाहुणे भेटतात आणि शेवटी म लावला की मल्याळम झाली, असा विद्यार्थ्याचा गैरसमज होतो. तो मोडायला ओळखीचेच शब्द पुढे येतात. कल्याणम म्हणजे लग्न. संसारम म्हणजे बोलणं. विकारम म्हणजे भावना आणि चरित्रम म्हणजे इतिहास. काक्का म्हणजे कावळा, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना तिकडे हाक मारताना जपावं.

आणि मग एके सकाळी दुधाची पिशवी समोर येते. तिच्यावर मोजून तीन खुणा असतात: गोलावलेला प, त्याच्या उजवीकडे काना, आणि शेपूट वर उडवलेला एक ल्, ज्याला स्वराची गरजच लागत नाही. वाचक आता तयार झालेला असतो. तो बोट ठेवतो, जुळवतो आणि वाचतो: पाल. दुधात! मल्याळममध्ये पाल् म्हणजे दूधच, हे त्याला पुढच्या क्षणी कळतं, पण त्या एका क्षणात तो जो दचकतो, तेच त्याचं प्रमाणपत्र. कारण ज्याला ती पिशवी अजून जिलेबीच दिसते, त्याला तिच्यावर पाल कधीच दिसणार नाही. निरक्षर माणसाला चुकीचं वाचायचीसुद्धा सोय नसते. चूक करण्याइतकी अक्षरं यावी लागतात. तो निवांत चहा पितो, आणि हा दचकतो. दचकला तो वाचला.